मावशीचं घड्याळ आणि फिरती पेटी

माझ्या मावशीला पोहण्याच्या टँकवर सगळे शिट्टीबाई म्हणायचे. दोन बोटं तोंडात घालून ती अशी शिट्टी मारायची की बाहेर रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा ब्रेक दाबायचा. ती पोहायला शिकवायची, आणि तेही मोठ्या बायकांना. ज्यांनी जन्मात पाणी पाहिलं ते बादलीत आणि नळाखाली, अशा बायकांना. "पोरांना काय, कोणीही शिकवेल," ती म्हणायची. "पोरं मुळात अर्धी बेडकंच असतात. चाळिशीच्या बाईला टँकच्या काठाची दांडी सोडायला लावून दाखवा, मग बोला."

तिच्या डाव्या मनगटावर एक दांडगं पुरुषी घड्याळ असायचं. दुकानदाराने म्हणे तिच्यापुढे नाजूक सोनेरी पट्ट्यांची घड्याळं मांडली होती. मावशीने ती सगळी बाजूला सारली आणि सांगितलं, "मला पाण्याखालून काटे दिसले पाहिजेत. लग्नाला नाही जायचंय." ते घड्याळ ऑटोमॅटिक होतं. त्याला बॅटरी नाही आणि चावीही देता येत नाही. आत एक अर्धचंद्रासारखं वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. काढून ठेवलं तर दीड-दोन दिवसांत थांबतं. मावशीच्या हातावर ते थांबण्याचा प्रश्नच नव्हता. ती बोलायचीसुद्धा हातांनी.

आयुष्यभर ओल्या फरशीवर धावलेली ही बाई पडली कुठे, तर बँकेच्या कोरड्या ठणठणीत पायरीवर. डाव्या खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात बांधला, मनगट सुजलं आणि घड्याळ काढावं लागलं. मी तेव्हा तिच्याकडेच राहायची, माझं ऑफिस तिच्या घरापासून जवळ म्हणून. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर ती कपाटावरच्या घड्याळाकडे टक लावून बसली होती.

"थांबलं," ती म्हणाली.

"थांबणारच. हाड जुळलं की घालशील परत."

ती काही बोलली नाही. हे वाईट लक्षण होतं. मावशी गप्प म्हणजे घरात कोणीतरी पाहुणं आल्यासारखं वाटायचं.

माझ्या दादाला घड्याळांचा भारी नाद. त्याच्याकडे पाच-सहा होती, रोज वेगळं घालायचा. मावशीचं तोंड उतरलेलं त्याला बघवेना. पुढच्या रविवारी तो एक काळी चकचकीत पेटी घेऊन आला. आत मऊ उशी, उशीवर घड्याळ बसवायचं, बटण दाबलं की उशी हळूहळू गोल फिरते, थोडी थांबते, मग उलटी फिरते. वर काचेचं झाकण आणि आत निळा दिवा.

"हातावर असल्यासारखंच वाटतं त्याला," दादा मोठ्या कौतुकाने म्हणाला. "कधीच थांबणार नाही."

मावशीने पेटी उलटसुलट करून पाहिली. "घड्याळाला पाळणा आणलास?"

"पाळणाच समज. तू बरी होईपर्यंत."

दादाचं मन मोडायला नको म्हणून तिने घड्याळ पेटीत ठेवलं. खरंच चाललं ते. दिवसभर कपाटावर गुर्र गुर्र करत फिरत राहायचं, आणि समोर पलंगावर मावशी हात बांधून बसलेली.

हाड जुळलं, पण खांदा आखडला. हात पुढे जेमतेम छातीपर्यंत यायचा, वर नाहीच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रोजची कामं करता येतील. हात खांद्याच्या वर जाईल याची मात्र मी खात्री देत नाही." आणि मग टँकचे मॅनेजर भेटायला आले. माणूस भला. मावशीला ते पाण्यात पाहायचे असं मुळीच नाही, उलट इतकी वर्षं तिला पाण्यातच पाहायची त्यांना सवय. फळं आणली, इकडचं तिकडचं बोलले आणि निघता निघता म्हणाले, "तुमच्या बॅचला नवीन बाई दिल्यात. तुम्ही आता ऑफिसात बसा. प्रवेशाचं काम बघा. आरामाचं आहे."

"आणि तळं?" मावशीने विचारलं.

दरवर्षी टँकवरचे पोहणारे शहराबाहेरचं मोठं तळं पार करायचे. त्या वर्षी पहिल्यांदाच मावशीच्या बॅचने उतरायचं ठरवलं होतं. टपाल ऑफिसातली बाई, एक शिंपीण, दोघी जावा, एक गणिताच्या बाई. सगळ्या चाळिशीपलीकडच्या.

"त्यांनी नावं मागे घेतली," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही नाही म्हटल्यावर त्यांचा धीर सुटला."

ते गेल्यावर मावशी पेटीकडे बघून म्हणाली, "हे बघ, माझ्यापेक्षा जास्त व्यायाम हे करतंय." आणि उजव्या हाताने तिने बटण बंद केलं. "चल. घड्याळवाल्याकडे जाऊ."

घड्याळवाल्याचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मावशीने घड्याळ काचेवर ठेवलं. "एवढंच सांगा, हे थांबलं तर बिघडतं का?"

"नाही," तो म्हणाला. "थांबलं म्हणजे झोपलं. हलवा, वेळ लावा, उठेल."

"मग ती फिरती पेटी लागते का याला?"

"घड्याळाला नाही लागत. माणसाला लागते कधी कधी. चार-पाच घड्याळं असली, रोज वेगळं घालायचं असलं, दर वेळी तारीख-वार लावायचा कंटाळा आला, तर सोय म्हणून बरी. एकच घड्याळ, आणि ते रोज हातात? मग हातच त्याची पेटी." मग तिच्या खांद्याकडे बघून तो जरा अडखळला. "उजव्या हातात घाला हवं तर. चालेल मस्त."

"दुखणं डाव्याचं आणि हजेरी उजव्याने लावायची? ते नाही जमायचं."

तो हसला. "पाण्यात घालून जाणार का?"

मी "नाही" म्हणाले, मावशी "हो" म्हणाली. दोन्ही एकदमच. त्याने मावशीचं ऐकलं. "मग मागच्या झाकणाचं रबर बदलतो. जुनं झालंय. पेटीत कितीही फिरवलं तरी पाणी थांबवायला रबरच लागतं."

घरी येऊन तिने दादाला बोलावलं. "तुझी पेटी घेऊन जा. तुझ्याकडे घड्याळं ढीगभर आणि हात दोनच, तुझ्या कामाची आहे. रागावू नकोस. पण मी इकडे झोपून राहायचं आणि त्याने तिकडे गरगर फिरायचं, हे मला पाहवत नाही."

दादा रागावला नाही. पेटी काखेत मारून खुशीत गेला. मला वाटतं, त्याला ती पहिल्यापासून स्वतःसाठीच हवी होती.

त्या दिवसापासून घड्याळ डाव्या हातावर आलं. व्यायाम शिकवायला एक तरुण बाई यायची, दिसायला नाजूक आणि कामात कसाई. ती मावशीला भिंतीसमोर उभी करायची आणि बोटांनी भिंत चढायला लावायची, पालीसारखी. मग दारावर लटकवलेली कप्पी आणि दोरी. मावशी ओरडायची, शिव्या घालायची, मला खोलीबाहेर काढायची. संध्याकाळी घामाघूम होऊन घड्याळ कानाला लावायची. पण सकाळी उठावं तर काटे थांबलेले. आखडलेल्या हाताची हालचाल ती किती, त्यात रात्र निघायची नाही. ती वेळ लावायची, कपाळाला आठ्या घालायची आणि परत भिंतीपाशी.

मी एकदा म्हटलं, "अगं, मोबाइलमध्ये बघ ना वेळ."

"वेळ कोण बघतंय?" ती म्हणाली.

महिने गेले. कणीक मळायला तिने डावा हात लावला, कपडे पिळायला लावला, शेजारणीच्या खिडक्यासुद्धा पुसून दिल्या. शेजारीण बिचारी संकोचाने अर्धी झाली. आणि एका सकाळी मी गाढ झोपेत असताना कानाजवळ आरोळी आली, "ऊठ! चालतंय!" मी दचकून उठले, मला वाटलं गॅस चालू राहिला. मावशी मनगट माझ्या कानाला लावून उभी. टिकटिक टिकटिक. रात्रभर चाललं होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळाशी काट्याला काटा जुळत होता. त्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी जिलेबी खाल्ली आणि मी ऑफिसला उशिरा गेले.

दुसऱ्या दिवशी ती टँकवर गेली. तिची बॅच काठावर रांगेत बसली होती, पाय पाण्यात सोडून. तिला बघून पाचही जणी उठल्या.

"यंदाच्या तळ्याची नावं कुठे देतात?" मावशीने विचारलं.

"शिट्टीबाई, तुम्ही काठावर उभ्या राहणार असाल तर देतो," शिंपीण म्हणाली.

"काठावर? काठावर मी काय भाजी निवडू? तुमच्याबरोबर येतेय."

डॉक्टरांनी हो म्हटलं, पण अटी घातल्या. नवीन शिकवणारी मुलगी समजूतदार होती. तिने स्वतः मावशीबरोबर पाण्यात राहून सराव घेतला. मावशीचा डावा हात पाण्यातून बाहेर निघत नव्हता, म्हणून बेडकासारखं, हात पाण्याखालीच ठेवून पोहायचं ठरलं. वेग नाही, पण दम पुष्कळ.

तळ्याच्या दिवशी सकाळी वारा होता. मॅनेजर आणि मी बचावाच्या होडीत बसलो होतो, माझ्या मांडीवर टॉवेलांचा ढीग. बाकीचे पोहणारे सपासप पुढे निघून गेले. सगळ्यांच्या मागे सहा रंगीत टोप्या, एकमेकींना धरून चालाव्यात तशा. नवी मुलगी त्यांच्या पुढे वाट दाखवत होती.

बरोबर मध्यावर, जिथून दोन्ही काठ सारखेच लांब दिसतात, टपालबाईंचा धीर सुटला. लाटेचं पाणी नाकातोंडात गेलं आणि त्या हातपाय झाडायला लागल्या. आमची होडी पुढे गेली होती. वल्हवणाऱ्याने ती वळवायला घेतली, पण वारा उलटा. मॅनेजर उभे राहिले, होडी डगमगली, मी त्यांचा शर्ट धरला.

तेवढ्यात एक टोपी टपालबाईंच्या मागून गेली. मावशी. तिने उजवा हात त्यांच्या मानेखाली सरकवला आणि त्यांना पाठीवर आडवं केलं. पाण्यावरून तिचा आवाज आमच्यापर्यंत स्पष्ट येत होता. "वर बघा. आभाळ बघा. कान पाण्यात जाऊ द्या. तुमचं वजन माझ्याकडे द्या, मला सवय आहे." टपालबाई काहीतरी रडत म्हणाल्या. "बुडत नाही हो तुम्ही. बुडायलासुद्धा जोर लावावा लागतो, तो आता तुमच्यात उरला नाहीये." मग हळूहळू झटापट थांबली. पाण्यावर दोन बायका शांत पडून राहिलेल्या.

नियम असा होता की सगळं ठीक असेल तर हात वर करून दाखवायचा, नाहीतर होडी येऊन उचलून घेणार, आणि उचललं की पोहणं संपलं. मावशीचा उजवा हात टपालबाईंच्या मानेखाली अडकलेला. आम्ही बघतोय. पाण्यातून डावा हात निघाला. छातीपर्यंत आला. खांद्यापर्यंत आला. तिथे अडला, आणि मग सरळ वर गेला, कानाला घासून, पंजा उघडा. मनगटावरच्या काचेवर ऊन चमकलं.

"डावा," मॅनेजर म्हणाले. "अहो, डावा आहे तो!"

मी टॉवेलात तोंड खुपसून रडत होते.

वल्हवणाऱ्याने होडी थांबवली. टपालबाईंनी दम घेतला, पालथ्या झाल्या आणि पोहायला लागल्या. पलीकडच्या काठावर सहाही जणी आपापल्या पायांनी चालत आल्या, शेवटून पहिल्या, आणि काठावर आधीच पोचलेली सगळी मंडळी टाळ्या वाजवत पुन्हा गुडघाभर पाण्यात उतरली. दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, ज्या घरी म्हणे एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. मावशी वाळूत बसली, लालबुंद, धापा टाकत, आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "भूक लागलीय."

मॅनेजरनी स्वतःच्या हाताने तिला चहा दिला. "ऑफिसातली ती जागा," ते म्हणाले, "मी दुसऱ्या कोणाला देऊन टाकतो."

"द्याच," मावशी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नव्या बॅचला माणसं मावेनात. तळ्याची बातमी फुटली होती. त्यात आखडलेल्या खांद्याच्या दोघी-तिघी होत्या, एक बाई गुडघ्याला पट्टा बांधून आली होती, आणि एक चष्मा लावलेल्या आजी, ज्यांनी येऊन पहिलंच सांगितलं की मी फक्त बघायला आलेय. मावशीने त्यांना चष्म्यासकट पाण्यात उतरवलं. आजींनी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली. मावशी पुढ्यात उभी राहिली, हात पसरून. बराच वेळ गेला. आजींनी एक हात सोडला. मग मावशीकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला, आणि दुसराही सोडला.