भिंतीवरून आलेली राख

शेजार जुना झाला की किस्से अंगणातल्या पाल्यासारखे साचतात. सकाळी झाडून काढावेत, संध्याकाळी पुन्हा तितकेच! सन १९८८, महिना जानेवारी, सरती थंडी, जळगाव. शेजारच्या अक्कांनी हळदीकुंकवातच मला बजावले, "तुमना पेरूले पाच वरीस झाले, फळ नही. बठ्ठा पाला मन्हा पापडवर! पुढली संक्रांतले गोड पेरू नही दिना, तर कुऱ्हाड!"

झाड यजमानांनी त्यांच्या अखेरच्या वर्षी लावलेले. तरी सगळा पाला अक्कांच्याच अंगणात, वाळत घातलेल्या पापडांवर पडत होता, हे खरे. मी शब्द दिला.

*

माझे दीर नाना यांची श्रद्धा एकट्या युरियावर. "मोजून घाला," मी म्हटले.

"वहिनी, झाडाला कसले माप?" म्हणत त्यांनी ओंजळी रित्या केल्या. पाने पत्रावळीएवढी झाली, फूल मात्र एकही नाही.

नाना अभिमानाने म्हणाले, "तब्येत बघा!"

*

आमचे भाडेकरू शेतकी खात्यातले साहेब. ते म्हणाले, "जास्त नत्राने नुसता पाला माजतो. युरिया थांबवा. फळाला गोडी हवी तर पालाश, म्हणजे पोटॅश, द्या."

मी युरियाची पिशवी कपाटात कुलूपबंद केली. तेव्हापासून नाना मला "रेशनिंग ऑफिसर" म्हणतात!

*

पाल्याच्या रागाने अक्का रोज सकाळी चुलीची राख भिंतीवरून आमच्या झाडाखाली फेकू लागल्या. "पाला तुमना, राखबी तुमनीच!"

मी पदर खोचून निघाले, तोच साहेबांनी अडवले. "बाई, राखेत पालाशच असतो! त्यांना थांबवू नका. मात्र तुम्ही खूश दिसलात, तर त्या थांबतील."

मी जुनी मॅट्रिक. खोटेपणा मला वर्ज्य. तरी रोज साडेसातला भिंतीशी उभी राहून म्हणू लागले, "अक्का, हे शोभत नाही!" एकदा मला ताप आला, तेव्हा माझ्या वतीने नाना रागावून आले!

*

१९८९ ची संक्रांत. अक्का वाणाला आल्या, त्या कुऱ्हाडवाल्याला घेऊनच. झाड लगडलेले होते. पण शब्द गोडीचा होता. मी पेरू चिरून पुढे केला.

अक्कांनी फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी कुऱ्हाडवाल्याला दिली. "खाय भाऊ, आन् घर जाय."

मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "राख मी टाकसूच. पन बाई, रागावनं तुमले जमत नही!"