बेळगावकरांना लागलेली वेलांटी

बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या ऑफिसात माझी सीनियर आक्का सगळीकडचा शब्द एकदम बदलणाऱ्या ‘रिप्लेस ऑल’च्या बटणाला शिवायची नाही. वेबसाइटवरचा एखादा शब्द बदलायचा असला की ती पीएचपीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नेमका तोच शब्द शोधायची अट, लिहायला बसायची, तेही ओठ हलवत, तांदूळ निवडणाऱ्या बाईसारखी. “शब्द दिसला म्हणून बदलायचा न्हाय गं. त्याच्या मागं-पुढं कोण हाय ते बघायचं,” हे तिचं पालुपद.

आक्का निपाणीची. आई विड्या वळायची, लेक इंजिनिअर झाली. तिच्या डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त असायची. मी गुंजीहून सकाळच्या रेल्वेनं उपाशीच येते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

एका शाळेच्या माजी शिक्षकांची वेबसाइट आमच्याकडे होती. पत्त्यांत ‘बेळगाव’ऐवजी ‘बेळगावी’ हवं होतं. आक्का रजेवर, तेव्हा मी शहाणपणा केला. सरसकट बदल! पत्ते झाले झकास, पण जितके म्हणून बेळगावकर होते, ते एका फटक्यात बेळगावीकर होऊन बसले.

तिसऱ्या दिवशी एक निवृत्त मास्तर फोन हातात धरून आमचा जिना चढून आले. श्रद्धांजलीच्या पानावर त्याच शाळेत शिकवलेल्या त्यांच्या बायकोचा फोटो होता आणि खाली ‘सुमन बेळगावीकर’.

“पन्नास वर्सं माझं नाव लावलं तिनं,” ते म्हणाले. “आता ही कोण?”

मी मान स्क्रीनकडे वळवली. नोकरीला महिनाही झाला नव्हता. मी तोंड उघडायच्या आत, त्याच दिवशी रजेवरून परतलेली आक्का उठली.

“चूक माझी हाय, आप्पा. बसा.”

तिनं त्यांना पाणी दिलं, शेजारी बसवून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नाव नीट केलं. ते गेल्यावर मला नवी अट लिहायला लावली: `/बेळगाव(?!ी|कर)/u`. म्हणजे पुढं वेलांटी किंवा ‘कर’ असेल, तर त्या शब्दाला हात लावायचा नाही. “गावाचं नाव सरकार बदलंल,” ती म्हणाली, “माणसाचं आपण न्हाय बदलायचं.” मला रागाचा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी आक्का आजारानं गेली. फार लवकर गेली. तिनं माझ्यासाठी घेतलेला तो दोष मला काही केल्या पचेना. शेवटी मास्तरांचं घर शोधत गेले आणि दारातच सांगून टाकलं, “त्या दिवशी चूक माझी होती, आक्काची नाही.”

“ठाऊक हाय गं,” मास्तर म्हणाले. “बोलत ती हुती, आणि रडत तू हुतीस.”