सर्टिफिकेटने विचारलेलं नाव

"तिसऱ्यांदाही फेल," मी म्हणालो.

"मंग पाच वाजता बोरकर साहेब माही जिरवतेच," वनिताताई म्हणाल्या.

वनिताताई आमच्या भिलाईच्या, म्हणजे हिंदी मुलखातल्या मराठी लोकांच्या, सोबती मंडळाच्या सचिव, रेल्वेतून रिटायर झालेल्या. मंडळाच्या वेबसाइटचं नाव देवनागरीत हवं, हा त्यांचा हट्ट: सोबतीमंडळ डॉट भारत. अध्यक्ष बोरकर साहेब, स्टील प्लांटचे रिटायर फोरमन, पहिल्यापासून विरोधात. त्यात साइट उघडली की फोन सांगायचा, 'सुरक्षित नाही'. लोक घाबरून बंद करायचे. साहेबांनी मीटिंगच लावली. पाचपर्यंत कुलपाचं चिन्ह दिसलं नाही तर हे नाव रद्द, इंग्रजी नाव घ्यायचं.

मी जवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो, मंडळाचाही मीच बघतो. कुलूप म्हणजे सर्टिफिकेट, साइट खरंच त्या नावाची आहे याचा दाखला. दाखला देणारे आधी त्या नावाच्या पत्त्यावर येऊन दार ठोठावतात. आतून बरोबर उत्तर मिळालं, की दाखला.

माझ्या लॉगमध्ये, सर्व्हरच्या नोंदवहीत, मात्र एकच ओळ: या नावाचा पत्ता सापडत नाही. मला वाटलं, सर्व्हरचा पहारेकरी, फायरवॉल, आडवा येतोय. त्याचं बंद दार, पोर्ट, उघडलं. फेल. पत्त्याची नोंद तपासली, ती चोख होती. पुन्हा फेल. पाच वेळा झाल्यावर दाखला देणाऱ्यांकडून निरोप आला, आता तासभर थांबा.

"तासभर? अरे, मीटिंग पाऊन तासात हाय!"

पण डोक्यात एक किडा वळवळत होता. साइट तर उघडते. मग नाव सापडत नाही कसं? दोन्ही एकदम खरं कसं असेल?

इंटरनेटच्या पोटात देवनागरी चालत नाही. प्रत्येक देवनागरी नावाची आत इंग्रजी अक्षरांची लांबलचक गिचमीड होते. ताईंकडे नाव नोंदवल्याची मेल होती, त्यात ती गिचमीड होती. मी म्हणालो, "तुम्ही वाचा, मी सर्व्हरच्या फाइलमधली ताडून बघतो."

मधेच अडलं, अक्षरं जुळेनात. "ताई, परत वाचा."

"मी बरोबरच वाचून राहिली ना!"

त्या बरोबरच वाचत होत्या. मी माझी गिचमीड उलटी देवनागरीत फिरवली. स्क्रीनवर आलं: सोबतीमंडल.

"हे कोनं टाकलं?"

"मीच."

आठ महिन्यांपूर्वी, हिंदी कीबोर्डवर. सर्व्हरवर एकच साइट, त्यामुळे कोणत्याही नावाने कुणीही आलं तरी तो तीच दाखवायचा. नाव नीट विचारणारं सर्टिफिकेट पहिलंच.

"तू घरी याले काय म्हनते?" ताईंनी विचारलं.

"मंडय."

"मंग हा ल कुठून आनला?"

ळच्या जागी घरी य, हिंदी शाळेत आणि गल्लीत ल. ळ माझ्या तोंडात कधी नव्हताच. लाज वाटली, खरंच सांगतो.

नाव दुरुस्त केलं. तासाची बंदी चुकीच्या नावावर होती, बरोबर नावाला पहिल्या फटक्यात दाखला मिळाला. ताईंनी कुलूप पाहिलं आणि माझ्या पाठीत धपका घातला. पाचला दहा कमी होते.

मीटिंगमध्ये बोरकर साहेबांनी स्वतःच्या फोनवर नाव टाइप केलं. "हे पाहा. नाई उघडत."

ताईंनी फोन हातात घेतला आणि हसूच आवरेना. "साहेब, तुमीबी मंडलच लिहिलं!"

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "मले तं बरोबरच दिसून राहिलं."

"ल दाबून धरा. वर ळ येते."

साहेबांनी दाबून धरलं. ळ आला, साइट उघडली, कुलूप दिसलं. बाकीच्यांनीही आपापले फोन काढले. बराच वेळ सगळे ल दाबून बसले होते.

शेवटी साहेब म्हणाले, "नाव राहू द्या. आपल्या पोरायले हे अक्षर दाखवाले दुसरी जागा तं नाई."

धडा एवढाच, साइट उघडते म्हणजे नाव बरोबर आहे असं समजू नये. दुसऱ्या दिवशी मी सोबतीमंडल हे नावही घेऊन ठेवलं. तिकडे आलेल्याला ते मुकाट्याने मंडळाकडे पाठवतं. अर्धी भिलाई अजून तिकडूनच येते.