जेवल्यानंतरची फोर्कलिफ्ट

दुबईत जबल अलीच्या एका गोदामात मी फोर्कलिफ्ट चालवायचो. दुपारी डबा खाऊन गाडीवर बसलो की थोड्या वेळाने डोळ्यांपुढे अंधारी यायची. मला मधुमेह जुना, त्यामुळे निदानाला डॉक्टर लागला नाही. "शुगर डाऊन झाली," असं सगळे एकमुखाने म्हणायचे आणि माझ्या तोंडात खजूर कोंबायचे. रूमवर जेवण बनवणारा चिपळूणचा गडी दुसऱ्या दिवशी डब्यात भात वाढवून द्यायचा. भरल्या पोटी शुगर डाऊन कशी होईल, हा प्रश्न आम्हा कोकणातल्या मंडळींना पडलाच नाही. चक्कर आली की खायला घालायचं, एवढंच आमचं वैद्यकशास्त्र.

मग एक दिवस माल उचलून वळताना अंधारी आली. पाय ब्रेकवर पडला म्हणून गाडी थांबली. समोर हातभर अंतरावर आमचा नेपाळी पॅकर खोक्याला स्टिकर लावत होता. त्याला काही कळलं नाही.

सुट्टीच्या दिवशी दवाखाना गाठला. एरवी मी रक्त तपासायला सकाळी उपाशीपोटी जायचो. तेव्हा बीपी चढलेलं दिसायचं आणि गोळी वाढायची. या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नीचे जाके खाना खाओ, फिर आओ." मला वाटलं, बाईंनी कटवलं. तरी खाली जाऊन बिर्याणी खाल्ली आणि तासाभराने वर आलो. नर्सने बीपी मोजलं, मशीनला टपली मारली, पुन्हा मोजलं, मग दुसरं मशीन आणलं. तेही तेच सांगू लागलं. माझं बीपी तळाला गेलं होतं.

जेवल्यावर पचनासाठी रक्त पोटाकडे धावतं, बाईंनी समजावलं. निरोगी माणसाच्या बाकीच्या रक्तवाहिन्या तेव्हा आवळतात, हृदय जरा जोरात चालतं आणि प्रेशर टिकतं. हे काम करणारे माझे मज्जातंतू साखरेने खराब केले होते. त्यात बीपीची गोळी मी जेवायच्या तोंडावर घ्यायचो. त्यांनी गोळीची वेळ बदलली, थोडं थोडं खायला सांगितलं, भात कमी केला. जेवण मात्र टाळायचं नाही, नाहीतर शुगर खरंच डाऊन होईल. मग विचारलं, "काम क्या करते हो?" मी सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अभी गाडी मत चलाना."

गाडी सुटली तर नोकरीचं आणि व्हिसाचं काय, याचाच घोर लागला. गुपचूप भात कमी करून निभावता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कामावर पोचलो तर तो पॅकर शीळ घालत खोकी लावत होता. मी सरळ सुपरवायझरकडे गेलो, सगळं सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"कब से है ये?"

"चार-पाच महीने."

त्याने किल्ली खणात टाकली. "पागल आदमी," म्हणाला. "आज से माल चेक करो. गाडी का बाद में देखेंगे, इन्शाल्ला."

असं इन्शाल्ला म्हणजे 'नाही', हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. मला फार वाईट वाटलं. ती गाडी माझ्या हाताच्या बोटांसारखी वळायची.

त्या दुपारी थोडंच जेवलो. तरी अंधारी आलीच. समोरून पॅकर खोकं घेऊन जात होता. मी खुर्चीत होतो. डोळे मिटले आणि ती ओसरेपर्यंत स्वस्थ बसून राहिलो.