पिवळं की लाल

गादीवाल्याच्या बायकोने सकाळी खिडकी उघडली आणि अशी किंचाळली, की खाली दुकानात कापूस पिंजणारा गादीवाला सगळं टाकून धापा टाकत जिना चढला. त्याला वाटलं, बाई पडली. बाई चांगली ठणठणीत उभी होती, फक्त नाचायची बाकी होती.

"अहो, कळी! निवडुंगाला कळी आलीय!"

त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. हा फड्या निवडुंग तिच्या आईच्या अंगणातला. आई गेली, घर विकलं, तेव्हा तिने एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं आणि कुंडीत खोचलं. पानावर पान चढलं, पण फुलाचं नाव नाही. आणि फुलावरूनच तिचं आणि ताईचं जन्माचं भांडण. ही म्हणायची, आईच्या निवडुंगाला पिवळी फुलं यायची. ताई म्हणायची, लाल. "तू तेव्हा एवढीशी होतीस, तुला काय आठवतंय?" असं म्हणून ताई विषय संपवायची, आणि ते हिला फार लागायचं. आपल्याला आई तरी नीट आठवते का, अशी धास्ती वाटायची. आता निकाल कळीच देणार होती.

तिने लगेच फोन लावला. "ताई, उमललं की बोलावते. मग बघू कोण खरं ते!"

कौतुकाला नुसता ऊत आला. उशी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा आधी वर नेऊन कळी दाखवायची. पाणी मात्र माती पार कोरडी झाल्याशिवाय नाही. इतका जीव लावूनही हात आखडता ठेवणं सोपं नसतं, पण तिने ठेवला.

आणि तरीही घोटाळा झालाच. कापसाच्या घरात पांढरं दिसलं की तो कापूसच. पानांवर पुंजके दिसत होते आणि दोघंही खुशाल म्हणत होती, खालून उडाला असेल. एका दुपारी तिने एक पुंजका चिमटीत धरला, तर बोटं लालभडक! काटा रुतला म्हणून हात धुतला, तर जखम कुठेच नाही. पुंजक्यांखाली किडे होते, झाडाचा रस पिऊन टम्म झालेले, चिरडले की लाल रंग सोडणारे. कळीच्या बुडाशीसुद्धा.

गादीवाल्याने चेष्टा केली नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने गादी शिवायच्या दाभणाच्या टोकाला कापूस गुंडाळून दिला, आणि तो स्पिरिटमध्ये बुडवून ती पान न् पान पुसत बसली. बोटांत कुसं गेली. रोज तेच. कळी गळली असती तर ती रडली असती, अगदी भोकाड पसरून.

कळी गळली नाही. चांगलं ऊन वर आल्यावर ती उमलली, पिवळीधमक! "अहो, पिवळं! मी म्हटलं नव्हतं?" तिने अख्खी गल्ली डोक्यावर घेतली.

ताईला सुट्टी मिळेना. ती संध्याकाळी आली, खिडकीशी गेली आणि टाळी वाजवून हसली. "बघ, लाल!"

फूल खरंच लालसर झालं होतं, मिटायला आलं होतं.

"सकाळी पिवळं होतं! ह्यांना विचार!"

"पिवळंच होतं," गादीवाला म्हणाला. "दिवसभरात रंग बदलला."

ताईचं हसू ओसरलं. ती फुलाकडे बघत राहिली. आईच्या एकटीच्या घरबसल्या कमाईत भागेना, तेव्हा शिवणाच्या कारखान्यात जाणारी ताईच. उजाडायच्या आत घर सोडायची, अंधारायला लागल्यावर परतायची.

"मी दिवसा घरी नसायचेच गं," ती हळूच म्हणाली. "तू असायचीस आईजवळ."

धाकटीने ताईचा हात धरून तिला कुंडीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे आणखी एक कळी फुगली होती.

"ही कधी उमलेल?"

"बहुतेक उद्याच. ऊन वर आलं की."

ताईने खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली. "मग उद्या मी कामावर जात नाही."