रोही नावाचा शर्ट

बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडच्या एका वाचकाने फोटो पाठवला आणि मी दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. फोटोत आठवडी बाजारातला फुटबॉल शर्टांचा ढीग होता. मरून रंग, दोन्ही खांद्यांवर साडीचा काठ, पाठीवर पिवळ्या अक्षरांत ‘रोही’. खाली त्याने लिहिलं होतं, ‘सर, तुमचा शर्ट आमच्या गावात पोचला!’

तो शर्ट माझा नव्हता, हे आधी सांगायला हवं.

या ब्लॉगचे जुने वाचक जाणतात, मी मैदानाबाहेरच्या फुटबॉल शर्टांवर लिहितो. आयुष्यात एकही मॅच न पाहिलेला माणूस परदेशी क्लबचा शर्ट कार्गो पँटवर घालून वरातीत नाचतो, मला त्याचं कौतुक वाटतं. गेल्या हिवाळ्यात लोणार बघायला निघालो असताना सुलतानपूरला बस पंक्चर झाली. रस्त्यामागच्या मोकळ्या जागेत मुली फुटबॉल खेळत होत्या आणि त्यांच्या अंगात हे शर्ट होते. शिवणाऱ्या वंदनाताई पलीकडेच पत्र्याच्या शेडमध्ये मशीनवर बसल्या होत्या. मी त्यांना कापडाबद्दल विचारलं. मरून कापड कमी पडलं म्हणून खांद्याला जुन्या साड्यांचे काठ जोडले, असं त्या म्हणाल्या. डाव्या खांद्यावर काठही पुरला नव्हता. तिथे तिरका जोड होता. मला तो जोड फार आवडला. एका मुलीला विचारलं, “रोही म्हणजे काय गं?” ती म्हणाली, “आमची रोही,” आणि तिच्याकडे बॉल आला, ती पळाली.

या भागात नीलगाईला रोही म्हणतात. तुरीच्या शेतात कळपाने शिरतात. मी लिहून टाकलं, ‘नीलगाईचं नाव पाठीवर घेऊन धावणाऱ्या मुली.’

ती पोस्ट माझी सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट. पुण्यातल्या एका कपड्यांच्या ब्रँडने मला मेसेज करून जवळून काढलेले फोटो मागितले. मी खुशीत अकरा फोटो पाठवले, त्या जोडाचेही. दोन महिन्यांत त्यांचा ‘रोही’ शर्ट बाजारात आला. मला राग आला नाही. उलट मी तो शेअर केला. आता त्या नकलेची नक्कल धाडच्या बाजारात पोचली होती, आणि वंदनाताईंना या सगळ्यातलं काहीच माहीत नसणार, असं मला वाटत होतं. म्हटलं, जाऊन सांगावं. डिझाइन तुमचं होतं, तुमचं नाव कुठेच आलं नाही, माफ करा, एवढं तरी.

पुण्याहून सकाळची जालन्याची एसटी घेतली. दिवस प्रवासातच जातो, म्हणून जालन्यात मुक्काम करा. स्टँडजवळ सातशे रुपयांत बरी खोली मिळते. तिथून भोकरदनमार्गे धाडला बस आहे. रस्ता आता चांगला झालाय. खिडकीतून दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा कापूस, पऱ्हाटीवर राहिलेली पांढरी बोंडं. धाडला उतरलो तेव्हा बाजार भरात होता. मिरच्या, लसूण, प्लास्टिकच्या बादल्या, आणि एका कोपऱ्यात कढईतून निघणारे आलूबोंडे. कढीत बुडवून देतात. वीस रुपयांत पोट भरतं. इथे आलात तर ते चुकवू नका.

कपड्यांच्या रांगेत ढीग सापडला. मी एक शर्ट उचलला. पातळ, चकचकीत पॉलिस्टर. काठ शिवलेला नव्हता, छापलेला होता. डाव्या खांद्यावरचा तिरका जोडही छापलेला. शिलाईचे टाकेसुद्धा. त्यातला एक टाका माझ्या फोटोत सुटलेला दिसत होता. तो इथेही सुटलेला होता, हजारो शर्टांवर, कायमचा.

“घ्या ना भाऊ, दीडशेले हाय,” विकणारा म्हणाला. “पुन्याची फॅशन हाय. सारे पोट्टे हेच घालून राह्यले.”

“रोही म्हणजे काय हो?”

“मले काय मालूम? कंपनी असन.”

मागे वळलो तर खरंच, ज्यूसच्या गाडीवर दोघे, मोटारसायकलवर एक, कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारा एक. सगळ्यांच्या पाठीवर तेच नाव. एरवी मी खूश झालो असतो. फुटबॉलचा शर्ट धाडच्या बाजारात कोथिंबीर विकतोय! चार फोटो काढले असते. त्या दिवशी कॅमेरा काढावासा वाटला नाही. का, ते मला अजून कळलं नव्हतं.

चिखलीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मेहकरवरून सुलतानपूरला पोचलो. अकरा वाजले असतील. मैदान रिकामं होतं. शेडमध्ये वंदनाताई होत्या, पण मशीन चालू नव्हतं. त्यांच्या मांडीवर एक मरून शर्ट पालथा पडला होता आणि त्या ब्लेडने पाठीवरची अक्षरं उसवत होत्या. ‘रो’ निघाला होता. ‘ही’ राहिली होती.

त्यांनी मला ओळखलं. “फोटोवाले भाऊ ना तुमी? बसा.”

मी बसलो आणि पाठ करून आणलेलं सगळं बोलून टाकलं. ब्रँड, फोटो, नक्कल, डिझाइनचं श्रेय. त्या उसवत राहिल्या. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, “तुमी लिहलं होतं ना, रोही म्हंजे जनावर?”

“हो.”

“आमच्या पोरीचं नाव हाय ते. रोहिणी. सारे रोहीच म्हनत.”

त्या सांगत गेल्या, खाली बघूनच. रोहिणी एकोणीस वर्षांची होती. शाळेतल्या सरांनी फुटबॉल शिकवला, तो तिने कॉलेजात गेल्यावरही सोडला नाही; उलट गावातल्या लहान मुली गोळा केल्या. “मले म्हने, आई, आमाले शर्ट शिवून दे. कापड कमी होतं. म्हनली, तुह्या साडीचे काठ लाव, मस्त दिसते. पह्यला तिचाच शिवला.” मग पावसाळ्यात ताप आला. गावात, मेहकरला, मग संभाजीनगरला. सहा दिवस. त्या शर्टावरच तिला स्मशानात नेलं.

“मंग पोरी आल्या. म्हनल्या, काकू, आमालेबी तसेच शिवून द्या. म्या अकरा शिवले. माह्या साऱ्या साड्यांचे काठ गेले. नाव म्याच टाकलं. वाटलं, तिच्या पोरी खेळतीन तवा तिचं नाव तथी पळन.”

मी गेल्या हिवाळ्यात या बाईसमोर अर्धा तास बसलो होतो. कापड कुठून आणलं, दोरा कोणता, काठ सुती की रेशमी, सगळं विचारलं होतं. नाव कोणाचं, ते विचारलं नव्हतं. तेवढंच एक मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“मेहकरच्या स्टँडवर. एक जन पाठमोरा उभा होता. शर्ट तिचा, नाव तिचं. म्या हाक मारली हो. जोरात मारली.” त्यांनी ब्लेड बाजूला ठेवलं. “तो पोट्टा मांगं पाहून हासला. म्हनला, काय मावशी, जान-पह्यचान हाय का?”

तेवढ्यात त्यांचे यजमान आले, मधुकरभाऊ. दीड एकरात भाजी लावतात, आसपासच्या बाजारांत स्वतः विकतात. मी कोण, हे वंदनाताईंनी सांगितलं. वाटलं, हा माणूस आता मला हाकलून देईल. ते आत गेले आणि एक पोतं ओढत बाहेर आणलं. कांद्याचं जाळीचं पोतं. आत शर्ट होते. बाजारातले, छापलेले.

“पह्यल्या बाजारात जेवढे होते तेवढे घेतले,” ते म्हणाले. “म्हनलं, आपल्या पोरीचं नाव असं जमिनीवर पडलेलं नोको. दुसऱ्या बाजाराले तेवढेच आले. तेबी घेतले. तिसऱ्याले डबल आले. त्या दुकानदाराले वाटलं, मालाले उठाव हाय.”

वंदनाताई म्हणाल्या, “मीच म्हनलं, बस करा आता.”

“दुसरबीडले गॅरेजवर गेलो होतो, गाडी घेऊन,” मधुकरभाऊ पुढे म्हणाले. “त्यानं ऑइल पुसाले फडकं घेतलं. पाह्यलं तर...” त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीने पुन्हा बांधलं, पक्की गाठ मारून.

मुली आता हे शर्ट घालत नाहीत. एका गावाला खेळायला गेल्या तर समोरच्या मुली हसल्या, बाजारातले डुप्लिकेट घालून आल्या म्हणून. त्यांतली एक रडत घरी आली. म्हणून वंदनाताई नावं काढत होत्या. अकरांपैकी सात झाले होते. कापडावर अक्षरांच्या जागी गडद मरून छाप राहिला होता, बाकी शर्टाचा रंग उन्हाने उतरला होता. नाव तसंच वाचता येत होतं.

मी म्हणालो, मी ती पोस्ट काढतो. ब्रँडला लिहितो. वर्तमानपत्राला सांगतो, ही गोष्ट लोकांना कळली तर...

“नोको,” वंदनाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “तुमी लिहान, तर अजून छापतीन. कोनाले सांगजा नोका, भाऊ. एवढं करा.”

मी हो म्हणालो. त्यांनी मला भाकर, पिठलं आणि ठेचा वाढला. मी जेवलो. न जेवता उठलो असतो तर बरं झालं असतं का, हे मी परतीच्या वाटेवर बराच वेळ ठरवत होतो.

सुलतानपूरहून जालन्याची बस दुसरबीडला चहाला थांबते. चहा चांगला असतो, दहा रुपये. मी खाली उतरलो नाही. खिडकीतून दोन पाठी दिसल्या. सिंदखेडराजाला आणखी एक.

पुण्यात आल्यावर पोस्ट काढली. ती शेकडो ठिकाणी उतरवून घेतलेली होती, तशीच राहिली. ब्रँडला लिहिलं की ‘रोही’ हे कोणाच्या तरी घरचं नाव आहे, कृपा करून थांबवा. त्यांचं उत्तर अतिशय नम्र होतं. तो माल संपलाच आहे, असं त्यांनी कळवलं, आणि त्या घरच्यांचा नंबर मिळेल का, असं विचारलं. मी दिला नाही. एवढीच एक गोष्ट मी बरोबर केली, आणि तीही टिकली नाही.

आठवड्याने एका कॅफेच्या दारात वीस-बावीस वर्षांची एक मुलगी दिसली. तिच्या अंगात शर्ट होता, बाजारातला नव्हे, ब्रँडचा, महागातला. माझा तोल गेला. मी तिला गाठलं आणि म्हणालो, “हे नाव कोणाचं आहे, माहितेय तुला?” आणि सगळं सांगितलं. आई, अकरा शर्ट, ताप, पोतं. तिला लाज वाटावी, असं मला वाटत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “बापरे, किती सुंदर आहे हे! आता मी हा शर्ट कधीच टाकणार नाही.” ती मनापासून बोलत होती. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तिने ते त्याच दिवशी लिहून टाकलं. सोबत स्वतःचा फोटो, शर्टात, पाठमोरी उभी राहून. दोन दिवसांत ते सगळीकडे होतं. ऐकीव असल्यामुळे त्यात चुका होत्या. कोणी लिहिलं, मुलगी लोणारच्या तळ्यात बुडाली. कोणी लिहिलं, मॅच खेळताना गेली. ब्रँडने नवा माल काढला.

मी मधुकरभाऊंना फोन केला. मीच सांगितलं, हे कबूल केलं. मग फोन वंदनाताईंकडे गेला.

“आमाले दाखोलं पोरींनी,” त्या म्हणाल्या.

“माझी चूक झाली, ताई. तुम्ही सांगितलं होतं.”

“हाव. सांगतलं होतं.”

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, “पान्यात बुडाली असं काऊन लिहून राह्यले ते?”

मी म्हणालो, मला माहीत नाही.

“आता लपवाचं काय राह्यलं? तुमीच लिहा मंग. पन बराबर लिहा.”

म्हणून हे लिहिलं. तिचं नाव रोहिणी. ती पाण्यात बुडाली नाही, मैदानावर पडली नाही. सहा दिवसांच्या तापाने गेली. डाव्या पायाने खेळायची, आणि तिच्या आईने आवर्जून लिहायला सांगितलं आहे की गोल झाला की ती ओरडायची नाही, नुसती हसायची.