कोनाड्यातला खडा

गुंद गावाच्या वरच्या अंगाला जंगलात एक कोट आहे. कोट म्हणायचं म्हणून कोट. दोन पडके बुरूज, अर्धा दरवाजा, एक पाण्याचं टाकं आणि राजवाडा म्हणून दाखवायचा एक चौथरा, एवढाच काय तो थाट. तो कुणी बांधला हे कुणालाच ठाऊक नाही. बेळगावकडचे लोक आले की आपला राजा त्यात बसवायचे, धारवाडकडचे आपला, आणि गोव्याचे आले की तिसराच. वासू वेळीप तिघांनाही "व्हय, असंल" म्हणायचा. वाटाडे म्हटलं की तोंडाची टकळी आलीच, पण वासूनं तीस वर्षं लोकांना कोट दाखवला आणि एकाही राजाचं नाव स्वतः घेतलं नाही.

त्याचं घराणं या कोटाचं वाटकरी. दिवाळी झाली की कोयता घेऊन वाट मोकळी करायची, दरवाजातल्या जागेवाल्या देवाला नारळ द्यायचा आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाकडून दरवाजाच्या कोनाड्यात एक खडा ठेवून घ्यायचा. उतरताना ज्यानं त्यानं आपापला खडा उचलायचा. कोनाडा रिकामा झाला म्हणजे वर कुणी राहिलं नाही. मगच वाटकऱ्यानं कोनाड्याखालच्या चिऱ्यावर ठेवलेला आपला खडा काढून कोट सोडायचा. डोकी मात्र मोजायची नाहीत. जित्या माणसांवर बोट फिरवून एक, दोन, तीन केलं की त्यातलं एक कमी होतं, असं वासूचा आजा सांगायचा. त्यांच्या घरी लग्नाच्या पंगतीतसुद्धा पत्रावळी मोजतात, माणसं मोजत नाहीत.

वासू आपला खडा घरी आणून तुळशीच्या बुडाशी टाकायचा. खट्ट आवाज झाला की आत देवकी चहाचं आधण ठेवायची. तीस वर्षांत तिथं चांगला गुडघाभर ढीग झाला होता. नवरा आला का, हे ती कधी विचारत नसे.

गेल्या मार्गशीर्षात खानापूरकडून दोन गाड्या भरून बाराजण आले. त्यांना आणणारा किरण म्हणून एक हौशी गडी होता. दर रविवारी कुठला तरी किल्ला गाठायचा आणि सोमवारी त्याचे फोटो लोकांच्या माथी मारायचे, हा त्याचा छंद. कोटाच्या पायथ्याशी पोचल्या पोचल्या त्यांनी डबे सोडले. आधी शिदोरी, मग जेजुरी. त्यातच अकरा वाजले.

त्यांच्यात नागराज मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेले, सडसडीत, मागं मागं राहणारे. ते किल्ला बघत नसत, वाचत असत म्हणा ना. एकेका दगडापुढं उभे राहून वहीत त्याचं चित्र काढायचे. बाकीच्यांनी पायाखाली मिळेल तो खडा उचलून कोनाड्यात टाकला. मास्तरांनी शोधून शोधून एक पांढरी गारगोटी आणली, तिच्या अंगावर तांबडी रेघ होती. ती त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसावी तशी रुमालानं पुसली आणि हलक्या हातानं ठेवली. वासूला हा माणूस तिथंच आवडला.

"आणि समजा, एखादा खडा राहिला तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर मी बी राहतो, मास्तर. कोनाड्यात खडा असताना वाटकरी खाली उतरत न्हाई."

मास्तरांनी तेही वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी घोटाळा झाला. वनखात्याचं गेट सहाला बंद होतं, आणि पाच वाजून गेले तरी मंडळी चौथऱ्यावर फोटो काढत होती. मग एकदम धावपळ सुरू झाली. कोण पुढं पळालं, कोण मागून आलं. दरवाजापाशी किरणनं कोनाड्यात हात घातला आणि सगळे खडे ओंजळीत घेऊन पिशवीत ओतले. "सगळ्यांचे मीच घेतले मामा, एकेक उचलत बसलो तर इथंच रात्र होईल," असं म्हणून तो निघालासुद्धा.

वासूच्या मनात खट झालं. ज्याचा त्यानं उचलायचा असतो, हे त्याच्या ओठावर आलं होतं. पण पाहुण्यांना गेट गाठायचं होतं, आणि आयुष्यभर पाहुण्यांपुढं मान खाली घालायची सवय लागलेली. त्यानं कोनाड्याकडं पाहिलं. कोनाडा रिकामा होता. आज्याच्या आज्यापासून ज्या कोनाड्यानं कधी फसवलं नाही, त्यावर विश्वास ठेवून त्यानं आपला खडा काढला आणि तो उतरला.

पहिल्या गाडीला वाटलं, मास्तर दुसऱ्या गाडीत आहेत. दुसरीला वाटलं, पहिलीत. रामनगरला चहाला थांबल्यावर उलगडा झाला. तिथून ते परत आले, गुंदचे लोक बॅटऱ्या घेऊन वर गेले, आणि मास्तर सापडले ते उजाडताना, टाक्याच्या तळाशी. टाक्याच्या आतल्या भिंतीवर काहीतरी कोरलेलं होतं, ते बघायला उतरले असावेत. वही वरच्या पायरीवर होती. पाय मोडला होता, डोक्याला मार होता. तपासणारा डॉक्टर म्हणाला, तीन-चार तास तरी जिवंत असणार. हाका मारल्या असतील.

पोलिसांनी वासूला विचारलं, "अरे, डोकी मोजली असतीस तर?"

"आमच्यात माणसं मोजत न्हाईत, साहेब."

लिहिणाऱ्या पोलिसानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं आणि ते वाक्य लिहिलंच नाही. पुढं वनखात्यानं वाटेवर तार ओढली, पाटी लावली. वासूला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. कुणाशी तरी भांडता आलं असतं. तीन-चार तास हा आकडा मात्र त्याच्या छातीत बसला. जेवताना घास तसाच हातात राहायचा. इतकी वर्षं जपलेल्या रीतीनंच माणूस मारला, की ती मोडू दिली म्हणून मेला, याचा निवाडा त्याला करता येईना.

वर्षानं एक बाई परवानगीचा कागद घेऊन अंगणात आल्या. मास्तरांच्या मंडळी, सुमंगला. किरणनं ती पिशवी त्यांना नेऊन दिली होती. "बारा खड्यांतला त्यांचा कुठला, हे मला कुणी सांगावं लागलं नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी गारगोटी पुढं केली. "मला तिथं नेता का मामा?"

वासूनं कोयता घेतला. वाट पार बुजून गेली होती. सुमंगलाबाई त्याच्या मागोमाग चढल्या. दरवाजापाशी त्यांनी एक साधा खडा उचलून ठेवला आणि शेजारी गारगोटी ठेवली. वासूनंही आपला खालच्या चिऱ्यावर ठेवला. टाक्याच्या काठावर त्या बराच वेळ बसल्या.

"तुम्हाला हाक ऐकू आली नव्हती ना?"

"न्हाई अक्का. वाऱ्याची दिशा उलटी व्हती." मग तोच म्हणाला, "खरं सांगतो, मी कान दिलाच न्हाई. कोनाडा रिकामा बघितला नि निघालो."

बाईंनी मान हलवली. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. वासूला ते सोसवेना.

उतरताना त्यांनी कोनाड्यातून आपला खडा उचलला. गारगोटीला हात लावला नाही. "त्यांचा राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांना कुठल्याच किल्ल्यावरून लवकर निघायला आवडायचं नाही. माझ्याबरोबर आले की मीच घाई करायची." तेवढं बोलून त्या वाटेला लागल्या. वासूनं आपल्या खड्याकडं हात नेला, आणि मास्तरांनी वहीत लिहून घेतलेलं आपलं वाक्य त्याला आठवलं. हात तसाच मागं घेऊन तो बाईंच्या पाठोपाठ उतरला.

बाईंची गाडी गेली. वासू अंगणात आला, पाय धुतले आणि तुळशीपाशी उभा राहिला. आत देवकी चुलीपुढं भांडं हातात धरून आवाजाची वाट बघत होती. बराच वेळ झाला तशी ती दारात आली.

"खडा कुठं हाय?"

"वर," वासू म्हणाला.

देवकीनं त्याच्याकडं पाहिलं आणि आधण ठेवायला आत गेली नाही.